जुन्या पेहरावांची एचिंग चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या बाजारात, घरातल्या ट्रंकेत किंवा परदेशी लिलावात हाती लागलेल्या पेहरावांच्या छापील चित्रांबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं मुख्यतः चार ठिकाणची आहेत: डच प्रवासी लिन्स्कोटेनचा गोवा (1596), एचिंगकार हॉलरच्या युरोपीय स्त्रिया (1640 चं दशक), अँटवर्पच्या सोल्विन्सचं बंगाल (1790 चं दशक ते 1812) आणि तिथल्याच पिनेल्ली या चित्रकाराचं रोम (1809). विचारणाऱ्यांत संग्राहक आहेत, तसे नाटकांचे वेशभूषाकारही आहेत. दोघांनाही आमचं सांगणं एकच: आधी छाप वाचा, मग पोशाख वाचा.

1. एचिंग म्हणजे नेमकं काय? सगळ्या जुन्या छापील चित्रांना एचिंगच म्हणायचं का?

नाही. एचिंग म्हणजे अम्लरेखन. घासून आरशासारखा केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ आणि अस्फाल्ट यांचा पातळ थर चढवतात आणि दिव्याच्या काजळीने तो काळा करतात. चित्रकार त्यावर सुईने रेखाटतो. सुई थर खरवडते, पण तांबं कोरत नाही. मग पत्रा सौम्य आम्लात सोडला की उघड्या पडलेल्या रेघा आम्ल खातं. फिकट हव्या असलेल्या रेघा थोड्या वेळाने वार्निशने झाकायच्या आणि पत्रा पुन्हा आम्लात सोडायचा. म्हणजे रेघेचा गडदपणा हा हाताच्या जोराचा नसून आम्लात काढलेल्या वेळेचा असतो. शेवटी थर धुऊन काढायचा, रेघांत शाई भरायची, वरची शाई पुसायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळाखालून काढायचा. ओला कागद रेघेत शिरतो आणि शाई उचलून आणतो.

एनग्रेव्हिंगमध्ये आम्ल नसतं, तिथे ब्युरिन नावाच्या कोरणीने तांबं खरोखर कोरून काढतात. बाजारात मात्र दोन्हींना सरसकट 'एनग्रेव्हिंग' म्हणतात, त्यामुळे पावतीवरच्या शब्दावर विसंबू नका.

2. भिंग धरून बघितलं. एचिंगची रेघ ओळखायची कशी?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या (सोनाराकडे असतं तसं) आणि चेहऱ्याऐवजी कपड्याची किनार बघा. चेहऱ्यावर कलाकार जपून काम करतो, किनारीवर हात मोकळा सुटतो. एचिंगची रेघ साधारण एकाच जाडीची असते, तिचं टोक बोथट आणि गोलसर असतं, कडा किंचित खडबडीत दिसतात आणि वळणं बोरूने लिहिल्यासारखी सैल असतात. एनग्रेव्हिंगची रेघ मधे फुगते, टोकाला सुईसारखी निमुळती होते, कडा स्वच्छ असतात आणि वळणं शिस्तीत, एकाला एक समांतर चालतात.

हॉलरने 1640 च्या दशकात काढलेल्या फरच्या मफवर (दोन्ही हात आत घालायच्या नळीसारख्या आवरणावर) भिंग धरा. हजारो आखूड, बारीक, वेगवेगळ्या दिशांना कललेल्या रेघा दिसतील. गडद जागी त्या दोनदा-तीनदा आम्लातून गेल्या आहेत, केसांच्या टोकांशी एकदाच. ब्युरिनने हा मऊपणा आणणं फार कठीण.

आणखी एक खूण: दिवा बाजूला, कागदाच्या पातळीत धरा. गडद रेघांची शाई कागदाच्या वर किंचित उभी दिसली, तर चित्र तांब्याच्या खोल रेघेतून छापलेलं आहे. बोट फिरवून बघू नका, तेल लागतं. भिंगाखाली रेघेऐवजी एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरची पुस्तकातली छपाई. पुढे तपासायचं कारण नाही.

3. रेघ जाड-बारीक होते, टोकं निमुळती आहेत, तरी जाणकार एचिंग म्हणतात. हे कसं?

ते बरोबर असू शकतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जाक कालो या फ्रेंच एचिंगकाराने मऊ थराऐवजी वीणावर्गीय वाद्यांना लावतात तसलं कडक वार्निश वापरलं आणि सुईऐवजी तिरकस कापलेल्या टोकाचं 'एशोप' नावाचं हत्यार घेतलं. ते फिरवलं की रेघ फुगते आणि आवळते, अगदी ब्युरिनसारखी. आब्राहाम बोसने 1645 मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली आणि ती युरोपभर पसरली. त्याच्याही आधी नेदरलँड्समधलं डूटेकम घराणं आम्लाने केलेलं काम कोरलेल्यासारखं दाखवण्याबद्दल प्रसिद्ध होतं. प्रश्न 7 मधली गोव्याची चित्रं याच घराण्याची, म्हणून त्यांच्या नोंदीत एकीकडे 'एचिंग' आणि दुसरीकडे 'एनग्रेव्हिंग' वाचायला मिळतं.

शिवाय पुष्कळ पत्रे मिश्र आहेत: आधी आम्ल, मग गडद जागी ब्युरिनचा हात.

4. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट नाही. म्हणजे नकली का?

तेवढ्यावरून ठरत नाही. पत्र्याच्या कडेचा दाब (प्लेटमार्क) कागदात उमटतो खरा, पण जुन्या संग्राहकांना चित्र चौकटीच्या आत कापून वहीत चिकटवायची सवय होती. हॉलरची लहान चित्रं, जेमतेम 9 बाय 6 सेंटिमीटरची, बऱ्याचदा अशीच सापडतात. कधी धुऊन आणि दाबून चौकट सपाट झालेली असते.

उलट चौकट असली म्हणजे अस्सल, असंही नाही. छायाचित्रावरून केलेल्या प्रतिकृतींना नुसता पत्रा दाबून खोटी चौकट देता येते. फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये तर चौकट खरीच असते, कारण तिथेही तांब्याचाच पत्रा असतो, फक्त चित्र त्यावर छायाचित्राने उतरवलेलं असतं. तिथे प्रत्येक रेघेची खोली जवळजवळ सारखी वाटते आणि फिकट जागी बारीक रवाळ पोत दिसतो.

5. चित्रावर 1643 छापलंय. मग कागद तितका जुना असणारच ना?

ते साल पत्र्याचं आहे. पत्रा विकला जातो, वारसाला मिळतो, दुसरा प्रकाशक नाव बदलून छापतो. शंभर वर्षांनीही छापतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तांब्याच्या पत्र्यावर लोखंडाचा पातळ मुलामा चढवायचं तंत्र आलं, त्यामुळे जुना पत्रा फारसा न झिजवता हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या.

कागद असा तपासा:

चित्र फ्रेममधून काढून उजेडासमोर धरा. बारीक समांतर रेषा आणि त्यांना काटकोनात साधारण अडीच सेंटिमीटरवर जाड रेषा दिसल्या, तर तो तारांच्या चाळणीवर केलेला लेड कागद. 1750 पर्यंत युरोपात हाच होता. रेषा न दिसणारा गुळगुळीत वोव्ह कागद 1757 च्या सुमारास इंग्लंडमध्ये वापरात आला आणि 1790 नंतर रुळला. म्हणून 1643 सालचं चित्र वोव्ह कागदावर असेल, तर ती नंतरची छाप. उलटा नियम चालत नाही, लेड कागद आजही बनतो.

जलचिन्ह शोधा. 1794 नंतरच्या इंग्रजी कागदांत बऱ्याचदा सालच असतं, कारण निर्यातीच्या कागदावर करपरतावा मिळवायला सालाचं जलचिन्ह लागू लागलं होतं.

मग अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा झगमगला, तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत आणि ती साधारण 1950 नंतरची. फक्त झगमगतोय तो कागद की मागचा पुठ्ठा, हे नीट बघा. ही चूक नेहमी होते.

शेवटी झीज बघा. सगळ्यात बारीक रेघा आधी जातात: गालावरची छटा, मलमलीची पारदर्शकता. त्या पुसट आणि गडद रेघा ठीक असतील, तर छाप उशिराची.

6. खाली कोपऱ्यात तुटक लॅटिन शब्द आहेत. त्यांचा अर्थ काय?

'डेल.' किंवा 'इन्व्ह.' ज्याच्या नावापुढे असेल, त्याने मूळ चित्र रेखाटलं किंवा कल्पिलं. 'पिन्क्स.' म्हणजे रंगवलं. 'स्कल्प.' किंवा 'स्क.' म्हणजे पत्र्यावर उतरवलं, 'फेक.' किंवा नुसतं 'फ.' म्हणजे केलं. एचिंग करणाऱ्यांना हा शब्द आवडायचा. 'एक्स्क.' म्हणजे प्रकाशक. डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात दोन वेगळी नावं असतील, तर पोशाख बघणारा एक आणि पत्रा करणारा दुसरा, हे लक्षात ठेवा. प्रश्न 9 आणि 10 मध्ये ते कामाला येईल.

7. कोकण, गोवा किंवा घाटावरच्या पेहरावाची अशी जुनी चित्रं आहेत का?

आहेत. सगळ्यात महत्त्वाची यान हाउखेन फान लिन्स्कोटेनच्या 'इतिनेरारिओ' या ग्रंथातली. हा डच तरुण 1583 मध्ये गोव्यात आला आणि तिथल्या आर्चबिशपच्या पदरी सुमारे पाच वर्षं राहिला. ग्रंथ 1596 मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये कॉर्नेलिस क्लास याने प्रसिद्ध केला. त्यातली चित्रं लिन्स्कोटेनच्या रेखाटनांवरून योआनेस आणि बाप्टिस्टा फान डूटेकम यांनी पत्र्यावर केली.

त्यांत गोव्याच्या मुख्य रस्त्यावरचा बाजार आहे, छत्रीखालून घोड्यावर चाललेला पोर्तुगीज, पालखी, ब्राह्मण आणि वाणी आहेत. 'कानारीं' म्हणून नोंदवलेले शेतकरी नवरा-बायको म्हणजे आपल्या कोकणी मुलखातली माणसं. ग्रंथाच्या मजकुरात 'कोरुंबीं' हा शब्द येतो, तो वाचताच कुणबी डोळ्यांसमोर येतात. 'बालागाट' म्हणजे घाटमाथा. पोर्तुगीज कानांनी ऐकलेली, डच लेखणीने लिहिलेली आपली नावं चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कागदावर वाचताना हरखून जायला होतं.

सावध राहायची जागा: फ्रँकफर्टच्या द ब्री या प्रकाशक घराण्याने 1598 पासून हीच चित्रं नव्या पत्र्यांवर उतरवून आपल्या प्रवासमालेत छापली. बाजारात 'लिन्स्कोटेनचं गोवा' म्हणून येणाऱ्या पानांत ही पुष्कळ असतात. जुनी आहेत, घेण्यासारखीही आहेत, पण पहिल्या पिढीची नाहीत. विक्रेत्याला 'कोणत्या आवृत्तीतलं पान?' एवढं विचारा. उत्तर आलं नाही, तर संग्रहालयांच्या ऑनलाइन प्रतींशी रेघ जुळवून बघा. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने पुष्कळ जुनी मुद्राचित्रं मोठ्या आकारात मोफत उपलब्ध ठेवली आहेत.

8. 'सोल्विन्स' नावाची दोन-तीन वेगवेगळी चित्रं दिसतात. खरी कुठली?

बाल्थाझार सोल्विन्स अँटवर्पचा, 1791 मध्ये कलकत्त्याला आला. तिथे त्याने बंगालमधल्या जाती, धंदे, पोशाख, होड्या, हुक्के, वाद्यं यांची 250 रंगीत एचिंग काढली. मुखपृष्ठावर 1796 आहे, काम पुरं झालं 1799 मध्ये. युरोपात परतल्यावर सगळं नव्याने, मोठ्या आकारात एचिंग करून 1808 ते 1812 मध्ये पॅरिसला चार खंडांत 288 चित्रं काढली, सोबत फ्रेंच आणि इंग्रजी मजकूर. दोन्ही खरी.

तिसरा प्रकार लंडनच्या एडवर्ड ऑर्मचा. 1804-05 च्या सुमारास त्याने सोल्विन्सची परवानगी न घेता 60 चित्रं दुसऱ्यांकडून करवून छापली. रंग उजळ, माणसं देखणी, आणि नेमकं तेच त्यांचं वैगुण्य. सोल्विन्सचे रंग मातकट आहेत, चेहरे रुक्ष आहेत, पण धोतराची गाठ कुठे आहे ते कळतं. पेहरावाचा अभ्यास करायचा असेल, तर आम्ही ऑर्म बाजूला ठेवायला सांगू.

9. चित्रातले सगळेजण डावखुरे दिसतात. असं का?

पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं, आरशातल्यासारखं उमटतं. काळजी घेणारा कलाकार मूळ रेखाटन आधीच उलटं करून पत्र्यावर घेतो. नक्कल करणारा बऱ्याचदा छापील चित्र समोर ठेवून जसंच्या तसं पत्र्यावर उतरवतो, आणि छापल्यावर सगळं फिरतं. खालची अक्षरं सरळ असतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. अक्षरं उलटी लिहायला कारागीर चुकत नाही.

पेहरावाच्या दृष्टीने हे साधं नाही. मुघल काळात जाम्याचे बंद हिंदूंनी डावीकडे आणि मुसलमानांनी उजवीकडे बांधायचा रिवाज होता. चित्र उलटलं की माणसाची ओळखच बदलते. तलवार उजव्या कमरेला जाते, पदर दुसऱ्या खांद्यावर जातो. पण पदरावरून निकाल देऊ नका, गुजराती पद्धतीत तो उजव्या खांद्यावरून पुढे येतोच. जेवणारा हात, लिहिणारा हात आणि कमरेची तलवार बघा. दोन्ही हात डावे आणि तलवार उजव्या कमरेला असेल, तर चित्र उलटं आहे.

10. ऐतिहासिक नाटकाच्या वेशभूषेसाठी ही चित्रं पुरावा म्हणून वापरता येतील का?

येतील, पण सगळ्या तपशिलांवर सारखा विश्वास टाकून नव्हे. वस्तू होत्या की नव्हत्या (छत्री, वाळे, पगडीचा घेर, उघडे पाय) याबद्दल ही चित्रं बरीच भरवशाची असतात. कापड अंगावर कसं गुंडाळलं आहे, याबद्दल फार कमी. डूटेकम घराण्यातल्या कारागिरांनी कासोटा कधी बघितला नव्हता. त्यांच्या हाताला ठाऊक होत्या त्या रोमन पुतळ्यांच्या चुण्या, म्हणून कोकणी शेतकऱ्याचे दंड आणि पोटऱ्याही पुतळ्यासारख्या पिळदार आहेत. जिथे न शिवलेलं कापड दोन पायांमधून मागे जातं, तिथे रेघ गोंधळते, चुणी कुठून तरी सुरू होते आणि कुठेच पोचत नाही. ती चुणी बोटाने, कागदापासून वर हात धरून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठलाग करून बघा. पाठलाग तुटला, की तिथे कारागिराने अंदाज बांधलेला आहे.

पिनेल्लीची गोष्ट वेगळी. तो रोमचाच, रस्त्यावरची माणसं रोज बघणारा आणि पत्राही स्वतःच करणारा. 1809 च्या त्याच्या पन्नास पोशाखांच्या संग्रहात मधे दुसरा हात नाही. सोल्विन्सचंही तसंच. पोशाख बघणारा आणि पत्रा करणारा एकच, तिथे भरवसा वाढतो.

कापडाचा रंग मात्र चित्रावरून कधीच ठरवू नका. कारण प्रश्न 11 मध्ये आहे.

11. रंग मूळचा आहे की नंतर कोणी भरलाय?

एचिंग बहुधा काळ्या शाईत छापलं जातं, रंग हाताने. काही ग्रंथ प्रकाशकाकडूनच रंगवून निघायचे, काही साधे निघायचे आणि मालक रंगवून घ्यायचा, आणि काही आज विक्रीसाठी रंगवले जातात.

कागद उलटून मागची बाजू बघा. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागद पोखरतो आणि पाठीवर तपकिरी सावली उमटते. हिरवा भरपूर असून पाठ स्वच्छ असेल, तर शंका घ्या. जुने तपकिरी ठिपके किंवा घडीची चीर यांवरून रंग सलग गेलेला असेल, तर तो त्यांच्यानंतरचा. चिरेत रंग जास्त मुरून गडद झाला असेल, तर खात्रीच. साध्या छापेवर आज रंग भरणं आम्हाला नुकसानीचं काम वाटतं, किंमत वाढली तरी.

12. रविवर्म्यांच्या छापखान्यातली नऊवारीतली देवी एचिंग आहे का?

नाही. 1894 मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या त्या छापखान्यातली चित्रं शिळाछापाची, अनेक दगडांवरून एकेक रंग चढवलेली. त्यांना पत्र्याची चौकट नसते आणि भिंगाखाली बारीक ठिपके आणि कण दिसतात. त्यांची जपणूक मात्र प्रश्न 13 प्रमाणेच.

13. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चित्र टिकवायचं कसं? फ्रेमवाल्याला काय सांगू?

सर्वांत जास्त चित्रं फ्रेमच्या दुकानात बिघडतात. हार्डबोर्डावर पांढरा गोंद लावून पूर्ण चिकटवलेलं चित्र सोडवायला तज्ज्ञाचे कित्येक तास जातात, आणि तरी सुटेलच असं नाही. म्हणून चार गोष्टी लिहून द्या.

चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्यांनी अडकवायचं. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ, सेलोटेप कुठेही नाही. पुढे खिडकी कापलेला आणि मागे अखंड, दोन्ही आम्लमुक्त पुठ्ठे. काच कागदाला टेकता कामा नये, दमट हवेत तिथे बाष्प धरून बुरशी येते आणि शाई काचेला चिकटते. मागे प्लायवूड किंवा हार्डबोर्ड लावायचा असेलच, तर मधे आम्लमुक्त पुठ्ठा हवा.

बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात ती आतून ओल धरते. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, की हवा खेळते. आर्द्रता 45 ते 55 टक्के आदर्श. समुद्राजवळच्या घरात जून ते सप्टेंबर ते जमत नाही. मग तेवढे चार महिने चित्र भिंतीवरून काढून, फोल्डरमध्ये घालून, सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात आडवं ठेवा आणि जेल दर पंधरा दिवसांनी तापवून कोरडं करा. रंगीत चित्रावर 50 लक्सहून जास्त उजेड नको. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ ठेवू नका. कसर लागली असेल, तर आधी कपाट रिकामं करून झाडा.

14. तपकिरी डाग घरी काढता येतील का?

नको. ब्लीचने डाग जातो आणि कागदाचा जीवही जातो, पुढे तो ठिसूळ होतो. ऊन दाखवल्याने रंग उडतो. हाताने रंगवलेलं चित्र पाण्यात घालणं म्हणजे रंग धुऊन काढणं. घरी एवढंच करा: मऊ, कोरड्या ब्रशने मधून कडेकडे धूळ झटका. ओली बुरशी असेल, तर लगेच ब्रशही नको. आधी हवेशीर सावलीत कोरडी होऊ द्या, मास्क लावा, मग झटका.

15. माझ्याकडे अख्खं पुस्तक आहे. पानं सुटी करून विकली तर जास्त पैसे येतील असं दलाल म्हणतो.

कदाचित येतील. तरी करू नका. चित्राची ओळख त्याच्या शेजारच्या मजकुरात असते. 'कानारीं' म्हणजे कोण, हे लिन्स्कोटेनच्या मजकुराशिवाय सुट्या पानावरून कळलंच नसतं. पुस्तक आधीच फुटलेलं असेल, तर प्रत्येक पानामागे मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, ग्रंथ, आवृत्ती आणि पानक्रमांक लिहून ठेवा.

16. मुलगी अमेरिकेत आहे. तिला हे जुनं चित्र पाठवता येईल का?

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. चित्र युरोपात छापलेलं आहे, एवढ्याने सूट मिळते असं गृहीत धरू नका. चित्र खरोखर शंभर वर्षांच्या आतली, नंतरची छाप किंवा प्रतिकृती असेल (प्रश्न 4 आणि 5), तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या आणि मगच कुरिअर करा.

तिकडून इकडे आणताना हाताने केलेली मूळ मुद्राचित्रं सीमाशुल्काच्या 9702 या शीर्षकाखाली येतात. छायाचित्रतंत्राने केलेल्या प्रतिकृती त्यात बसत नाहीत. बिलावर तंत्र, साल आणि शंभर वर्षांहून जुनं असल्याचं स्पष्ट लिहून घ्या.

17. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे कोणते फोटो मागू?

पाच मागा: चारही कडांसह फ्रेमबाहेरचं पूर्ण पान, मागची बाजू, उजेडासमोर धरलेलं पान, बाजूने दिवा धरून काढलेला प्लेटमार्कचा कोपरा, आणि कपड्याच्या किनारीचा भिंगातून काढलेला फोटो. 'फ्रेम उघडता येणार नाही' असं उत्तर आलं, तर प्रतिकृतीची किंमत असेल तरच घ्या.